कशातबाई

आधी माफी मागतो. वार्षिकांकासाठी मनात राहिलेल्या एखाद्या माणसाबद्दल लिहा, असं सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. माझा विषय गणित. आमच्या घरात लिहिणं म्हणजे मिठाच्या गोणीवर मालकाच्या नावाचं अक्षर काढणं, आणि तेही काका काढायचे, वडील नाही. कॉलेजात आलेला घरातला मी पहिलाच. ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहावं आणि मी वाचावं, हेच योग्य होतं. पण आमच्या क्लासच्या बाईंबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर करतो. कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं.

बाईंपुढे कुणी कसलाही आकडा उच्चारला की त्या विचारायच्या, "कशात?"

त्यात रागाचा भाग नव्हता, परीक्षा घेण्याचाही नव्हता. शिंकेसारखं यायचं ते. त्या रोह्याजवळच्या वरशाला राहायच्या आणि रोज सकाळच्या पॅसेंजरने पेणला यायच्या. एकदा गाडीला उशीर झाला. स्टेशनमास्तर म्हणाले, "आज वीस लेट आहे बाई." बाई म्हणाल्या, "कशात?" मास्तर म्हणाले, "मिनिटांत हो! दिवसांत असती तर तुम्हाला घरी निरोप नसता का पाठवला!" पेणच्या बाजारात एक कोळीण त्यांना टोपलीशेजारी बसवून घ्यायची. "ताई, चार घ्या, ताजं हाय." "चार कशात? मासे की वाटे?" कोळीण कपाळाला हात लावायची. "घ्या गो बाय, तुम्ही घ्याल त्यात चार!"

त्यामुळे क्लासमध्ये त्यांचं नाव कशातबाई पडलं. बाईंना ते माहीत होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'कशातबाई शंभर नंबरी' असं लिहून ठेवलं. बाई आल्या, छत्री कोपऱ्यात ठेवली, फळा वाचला आणि आमच्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "शंभर? कशात?" त्या दिवशी पहिला अर्धा तास काही शिकवणं झालं नाही.

हा क्लास कॉम्प्युटरचा. पेणच्या बाजारात एका केबलवाल्या शेठचं ऑफिस होतं, त्याच्या माडीवरच्या खोलीत तो भरायचा. दोन कॉम्प्युटर होते. एकाचा पडदा रंगीत होता आणि दुसऱ्यावर फक्त हिरवी अक्षरं उमटायची. प्रिंटर चालू झाला की खालचा पानवालासुद्धा वर बघायचा, एवढा किंचाळायचा. बाई आधी शाळेत गणित शिकवायच्या, कुणाच्या रजेच्या जागी. रजेवर गेलेली माणसं परत यायची आणि बाई दुसऱ्या शाळेत जायच्या. मग पनवेलला जाऊन त्या कॉम्प्युटर शिकल्या. "कॉम्प्युटरला रजा नसते," त्या म्हणायच्या, "म्हणून हे मी कायमचं धरलं."

खोलीचं शेठशी असं ठरलं होतं की बाईंनी केबलच्या कामात कॉम्प्युटर चालवून द्यायचा आणि शेठने खोली वापरू द्यायची. माझी फी बाईंनी कधी विचारली नाही. मी संध्याकाळच्या लहान मुलांना टायपिंग शिकवायचो, तेवढ्यावर भागायचं.

आता थोडं तांत्रिक लिहावं लागेल, कारण पुढे जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही. शेठ गावोगाव डिश बसवून देत असे. तेव्हाची डिश म्हणजे जाळीची भली मोठी परात. ती नेमकी उपग्रहाकडे बघायला हवी. त्याला दोन कोन लागतात: उत्तरेपासून किती वळवायची आणि जमिनीपासून किती उचलायची. बाईंनी फॉक्सप्रो नावाच्या प्रोग्रॅममध्ये एका टेबलात आजूबाजूची गावं भरली, त्यांचे अक्षांश-रेखांश लावून. दुसऱ्या टेबलात उपग्रह भरले. मग अशी क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायची आज्ञा, लिहिली की दोन्ही टेबलं जोडली जायची आणि प्रत्येक गावासमोर प्रत्येक उपग्रहाचे दोन कोन छापून यायचे.

खरं तर त्याची एवढी गरज नव्हती. बाई स्वतःच शेठला म्हणाल्या होत्या, "अहो, पेण आणि रोह्यात अर्ध्या अंशाचासुद्धा फरक पडत नाही. एकच आकडा सगळीकडे चालेल." शेठ म्हणाला, "बाई, कोनाचं तुम्ही बघा, गावाचं मी बघतो. कागदावर आपल्या गावाचं नाव छापलेलं दिसलं ना, की पंच मंडळी खुर्ची देतात."

त्या क्वेरीत एक गोम होती आणि बाईंनी ती आम्हाला ज्या तऱ्हेने शिकवली, ती मी विसरणार नाही. आपण कोन अंशांत मोजतो, डिग्रीत. कॉम्प्युटर मात्र त्रिकोणमितीचं गणित रेडियनमध्ये करतो. एक रेडियन म्हणजे साधारण सत्तावन्न अंश. बाईंनी वर्गाच्या दाराकडे बोट दाखवलं. दाराबाहेर आमच्या चपलांचा ढीग होता.

"कॉम्प्युटरचं घर आपल्यासारखंच आहे," त्या म्हणाल्या. "कोन आत जाताना डिग्रीच्या चपला बाहेर काढतो. आत अनवाणी. म्हणजे रेडियन. आतलं काम झालं की बाहेर यायचं. मग काय करायचं?"

"चपला घालायच्या!" आम्ही ओरडलो.

"त्यालाच फंक्शन आहे. आर, टी, ओ, डी. रेडियन टू डिग्री."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, आरटीओच्या पुढे डी लावलाय."

"असू दे की. आरटीओ तरी काय करतो? बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला अडवतो. हाही अडवतो. उत्तर बाहेर चाललं की ह्याने विचारायचं, कशात चाललास बाबा?" आणि मग छत्रीचं टोक आमच्याकडे रोखून म्हणाल्या, "कॉम्प्युटर विचारत नाही. तो नुसता आकडा देतो. विचारायचं आपण."

मी हे तेव्हा पाठ केलं. समजलं नंतर.

आमचं गाव डोलवीच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी. वडील मीठागरावर. मी पहिल्या वर्षाला असताना डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे माणसं घेत होते. गावातली माझ्या वयाची बरीच मुलं लागली होती. त्यांच्या डोक्यावर कंपनीचं हेल्मेट, तोंडी शिफ्टची भाषा. वडील एक दिवस सकाळी मला न सांगता क्लासवर आले. पाय धुऊन आले होते तरी पोटऱ्यांवर मिठाचा पांढरा पुसट थर होता. दारातच उभे राहिले.

"बाई, पोराला न्यायला आलो. कंपनीत लावतो."

"आणि कॉलेज?"

"त्ये अजून तीन राह्यलं म्हणतो ना हा."

"कशात?" बाई म्हणाल्या.

वडील गोंधळले. माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "आता त्ये मला काय ठाव! तीन म्हणतो, येवढं ठाव."

"वर्षं तीन. परीक्षा बऱ्याच. पण वर्षं तीनच." बाईंनी त्यांना खुर्ची दिली. "मला सांगा, आगरात पाणी घेतलं की मीठ लगेच पडतं?"

"लगेच कसं पडंल? एका कप्प्यातनं दुसऱ्यात, दुसऱ्यातनं तिसऱ्यात फिरवाया लागतं. ऊन खाऊ द्याया लागतं."

"मधेच काढलं तर?"

वडील हसले. त्यांचं असं हसू मी घरीसुद्धा फार बघितलेलं नाही. "मधेच काढलं तर निस्तं खारं पाणी, बाई."

चहा झाला. उठताना वडील मला म्हणाले, "बस तू." आणि गेले. माझं कॉलेज राहिलं ते असं. कुणी विचारलं की तू पदवीपर्यंत कसा आलास, तर मला ती खुर्ची आठवते. त्या दिवसापासून वडील बाईंचे इतके झाले की गावात कुणी आकडा सांगितला की मुद्दाम विचारायचे, "कशात रे?" आणि मग आपणच हसायचे.

त्याच वर्षी गावाने वर्गणी काढून सामाईक डिश घ्यायची ठरवली. भारताची मॅच होती आणि ती दूरदर्शनवर नव्हती. ज्या चॅनेलवर होती त्याचा उपग्रह नवीन. शेठच्या यादीत तो नव्हता. शेठ माडीवर आला.

"बाई, हा उपग्रह घाला यादीत. चार गावांनी डिश घेतल्यायत, चारी ठिकाणी मॅचच्या सकाळी चालू करून द्यायच्यात. हे जमलं तर पुढच्या साली तिसरा कॉम्प्युटर आणू. नाय जमलं तर..." तो हसला. "नाय जमलं तर ही खोली व्हिडिओ गेमला द्यायची, असं आमचा मेव्हणा कधीचा म्हणतोय."

तो थट्टेत बोलला असेल, पण मेव्हणा खरा होता आणि खोली मोजून गेला होता, हे आम्हाला माहीत होतं. क्लास राहणार की जाणार, हे त्या यादीवर होतं. बाईंनी जुनी क्वेरी बाजूला ठेवून नवी लिहिली, अधिक सुटसुटीत. प्रिंटर किंचाळला. शेठ कागद घेऊन गेला. बाईंना रोह्याची गाडी गाठायची होती, त्या छत्री घेऊन भराभर जिना उतरल्या.

मॅचच्या सकाळी आमच्या गावात देवळासमोर सगळा गाव जमला होता. मुलं झाडावर, बायका ओट्यांवर. सरपंचांच्या घरचा टीव्ही देवळाच्या पडवीत टेबलावर मांडला होता आणि त्याला कुणीतरी हार घातला होता. डिश बसवायला सदू आला होता. सदू शेठचा माणूस, पाच-सहा वर्षांनी माझ्याहून मोठा, सदा विनोद करणारा. त्याच्याकडे होकायंत्र, ओळंबा आणि कोनमापक, आणि खिशात बाईंचा कागद.

कागदावर आमच्या गावासमोर आकडे होते: वळवणे दोन पूर्णांक तेरा, उचलणे शून्य पूर्णांक एक्क्याण्णव.

सदूने डोकं खाजवलं. आजवर प्रत्येक डिश त्याने आभाळाकडे अर्धीअधिक उचलली होती. ही जवळपास उचलायचीच नव्हती. पण कागद कॉम्प्युटरचा होता.

"येवढी खाली?" सरपंच म्हणाले.

"नवा उपग्रह हाय, काका," सदू म्हणाला. "नुकताच सोडलाय. अजून क्षितिजावरच असंल. येईल हळूहळू वर."

हे सगळ्यांना पटलं. डिश काटकोनात उभी राहिली, उत्तरेकडे तोंड करून. समोर डोलवीच्या कंपनीची चिमणी. टीव्हीवर मुंग्या. सदूने वायर हलवली, मुंग्या. ओट्यावरून पार्वतीकाकी ओरडल्या, "अगो, ही परात वाळत घातलीय का काय?" झाडावरून एक पोरगा म्हणाला, "कंपनीची शिफ्ट दिसते का बघा!" एकाच्या कानाला ट्रान्झिस्टर होता. तो मधूनमधून सांगत होता की टॉस झाला, भारताची बॅटिंग आली, चौकार बसला. प्रत्येक चौकाराला गाव आधी टाळ्या वाजवायचा आणि मग सदूकडे रागाने बघायचा.

मी टमटम धरून वडखळला आलो आणि तिथून पेणला. बाई नुकत्याच क्लासवर पोचल्या होत्या. म्हणालो, "बाई, चित्र येत नाही. डिश खाली बघतेय." त्यांनी काही न विचारता छत्री उचलली.

गावात बाई पोचल्या तेव्हा लोकांनी वाट करून दिली. सदूने कागद पुढे केला. बाईंनी आकडे बघितले. मी अगदी शेजारी उभा होतो. त्यांच्या तोंडून तो एक शब्द येईल असं मला वाटलं. ओठ हललेसुद्धा. पण आवाज आला नाही. कोन अनवाणीच बाहेर आला होता. नव्या क्वेरीत आत जातानाचं चपला काढणं त्यांनी नीट लिहिलं होतं, बाहेर येतानाचं घालणं राहिलं होतं.

शेठ तोपर्यंत मोटरसायकलवरून आला होता. उरलेल्या तीन गावांतही मुंग्याच होत्या. तो घाईने म्हणाला, "गावकरी मंडळी, कॉम्प्युटर आहे, कधीतरी मशीन चुकतं."

"मशीन चुकलं नाही," बाई म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात. "शेठची चूक नाही, सदूची नाही, मशीनचीही नाही. चूक माझी. हे आकडे रेडियनमध्ये आहेत. मला अंशांत द्यायचे होते."

गावाला रेडियन म्हणजे काय ते कळलं नाही, पण बाई काय करतायत ते कळलं. बाई खाली बसल्या, छत्रीच्या टोकाने मातीत गुणाकार केला. दोन पूर्णांक तेरा गुणिले सत्तावन्न पूर्णांक तीन. मग दुसरा. "सदू, वळव एकशे बावीस. उचल बावन्न."

सदू म्हणाला, "बाई, अंश ना?"

"अंश," बाई म्हणाल्या.

परात चिमणीकडे पाठ करून फिरली, मान वर करून आभाळाकडे बघू लागली. सदूने थोडं इकडेतिकडे केलं आणि मुंग्यांतून हिरवं मैदान वर आलं. केवढा आवाज झाला! मग पडद्यावर धावफलक दिसला आणि लोकांच्या लक्षात आलं की भारताची बॅटिंग संपली होती. पार्वतीकाकी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गो बाय, बॉलिंग तरी बघू. आऊट झालेलं बघण्यात मजा हाय." लोक हसले. आमच्या गावाने बाईंना माफ केलं ते तिथेच, आणि मला वाटतं पुरतं केलं.

निघताना वडिलांनी एक पिशवी बाईंच्या हातात दिली. आमच्या आगरातलं मीठ. "घ्या बाई. चार हाय." आणि गालात हसत थांबले. त्यांनी मुद्दाम पुढचं सांगितलं नव्हतं. आजूबाजूचे दोघे-तिघेही हसू दाबून वाट बघत होते.

बाई म्हणाल्या, "बरं." आणि पिशवी घेऊन चालू लागल्या.

वडील माझ्याकडे बघत राहिले.

बाकीच्या तीन गावांनी शेठला माफ केलं नाही. एका ठिकाणी डिश परत घ्यायला लागली. शेठ वाईट माणूस नव्हता. तो माडीवर आला आणि पंख्याकडे बघत म्हणाला, "बाई, घरात मेव्हण्याचं ऐकावं लागतं हो." चालू बॅच संपेपर्यंत खोली राहील, असं ठरलं.

त्या उरलेल्या दिवसांत बाई आल्या, शिकवलं, गेल्या. काही कमी शिकवलं नाही. पण त्यांनी 'कशात' विचारणं सोडून दिलं. आम्ही मुद्दाम आकडे फेकायचो. "बाई, सात आलं उत्तर." "बरोबर." "बाई, फ्लॉपीवर तीन उरलंय." "ठीक आहे." मागच्या बाकावरचा आरटीओवाला तर एकदा अगदी रडवेला होऊन म्हणाला, "बाई, उद्या मी पाच येणार नाही." बाई म्हणाल्या, "बरं, काळजी घे." आम्ही एकमेकांकडे बघितलं. कुणाला हसू आलं नाही.

क्लासची पाटी उतरवली त्या दिवशी मी धाडस करून जिन्यात विचारलं. बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं जगाला विचारत फिरले. एकदा स्वतःला विचारायचं, ते राहिलं. आता कुठल्या तोंडाने विचारू?" मी म्हणालो, "बाई, सगळ्यांचं चुकतं." त्या म्हणाल्या, "चुकतं. पण मी नेमकं तेच शिकवत होते. आता शिकवावं की नाही, तेच कळत नाही मला."

मी पाटी उचलून त्यांच्या मागून जिना उतरलो.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी वरशाला गेलो. दारात ट्रंका बांधून ठेवल्या होत्या. बाई आईला घेऊन बहिणीच्या गावी चालल्या होत्या, चिपळूणच्या पुढे. घरात वालाच्या बिरड्याचा वास होता आणि त्यांच्या आईने मला ताटावर बसवलंच. मी जेवता जेवता म्हणालो, "बाई, मला बासष्ट मिळाले." एवढंच म्हणालो आणि घास हातात धरून थांबलो.

"छान," बाई म्हणाल्या. "मन लावून कर." आणि मला आणखी भात वाढला.

रोह्याच्या स्टँडवर मी ट्रंका चढवू लागलो. बाईंनी खिडकीतून हात केला. छत्री मांडीवर उभी धरली होती. गाडी गेल्यावर मी वरशाच्या वाटेने उगाचच परत चालत गेलो आणि मग पेणला जायला वळलो.

त्यानंतर दीड वर्ष काही कळलं नाही. त्यांचा पत्ता माझ्याकडे नव्हता. एसटीडी बूथवरून फोन करावा तर नंबर नव्हता. मधल्या काळात मी दुसरं वर्ष पार केलं. पेपरात कोनाचं उदाहरण आलं की मी उत्तरापुढे अंश लिहायचो, मग परत एकदा बघायचो की लिहिलंय का. मॅच बघताना गावात अजून कुणीतरी म्हणतं, "बाईला बोलवा रे, परात फिरवाया." ते प्रेमाने म्हणतात. मला मात्र प्रत्येक वेळी वाटायचं की बाईंना हे कुणी सांगायला हवं. त्यांनी शिकवणं सोडलं असेल तर ते आमच्या देवळासमोर सुटलं, आणि त्यांना बोलवायला मी गेलो होतो.

सदू आता शेठकडे नाही. कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून तो खाली रत्नागिरीकडे डिश बसवायची कामं घेतो. उन्हाळ्यात तो निघताना मला वडखळच्या नाक्यावर भेटला होता. मी त्याला म्हणालो होतो, "चिपळूणच्या पुढे जातोस, बाई कुठे भेटल्या तर सांग, मला दुसऱ्या वर्षाला अडुसष्ट मिळाले." सदू म्हणाला होता, "कोकण काय आमच्या आळीयेवढं हाय का रे? भेटतात म्हणे!"

गेल्या आठवड्यात तो त्याच नाक्यावर दिसला. रस्त्याच्या पलीकडूनच ओरडला, "भेटल्या रे, भेटल्या!"

ट्रकच्या मधून मी पलीकडे पळालो. सदूने आधी चहा मागवला. त्याला गोष्ट सावकाश सांगायला आवडते.

"एका हायस्कुलाच्या गच्चीवर डिश लावत होतो. खालच्या खोलीत कॉम्प्युटर दिसले, दारात हा चपलांचा ढीग. म्हटलं, ही तर आपली शाखा! डोकावलो तर बाई. तीच छत्री. मला बघितलं आन् पोरांना म्हणाल्या, ह्याला विचारा, चपला न घालता बाहेर आलं की काय होतं ते. मी सांगितली की सगळी हकिकत, चिमणीसकट. पोरं लोळली हसून. बाई सगळ्यात जास्त."

"शिकवतात म्हणजे?"

"शिकवतात म्हणजे काय, पोरं दमतात येवढं शिकवतात."

"माझा निरोप दिलास?"

"दिला ना. म्हटलं, बाई, आमच्या खाडीवरचा तुमचा तो पोरगा, त्याला अडुसष्ट मिळाले. बाईंनी चष्मा वर सरकवला. मग काय म्हणाल्या ठाव हाय?"

मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"'कशात?' म्हणाल्या," सदू म्हणाला. "आता त्ये मला काय ठाव! मी परत जाणार हाय सोमवारी. नीट सांग बघू, काय सांगू?"